चोक ऋण तारेत का?

* लेखातील २,००० व्होल्टच्या पॉवर सप्लायच्या आकृतीत फिल्टर चोक धन तारेऐवजी ऋण तारेत दाखवला आहे. ती छपाईची चूक नव्हे. धन बाजूला गुंडाळीवर सतत २,००० व्होल्ट राहतात, तर लोखंडी गाभा चॅसिसला म्हणजे अर्थला जोडलेला असतो. चोक जुना असेल तर इन्शुलेशन तिथेच फुटते. ऋण बाजूला हा कायमचा ताण नसतो, रिपलची शिखरे मात्र उरतातच. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा मधला टॅप आता थेट अर्थ करता येत नाही, आणि सेकंडरी व गाभा यांच्यातील कपॅसिटन्समधून थोडी गुणगुण चोकला बगल देऊन पुढे जाते. चोक चांगला असेल, तर धन बाजूच बरी.

चोकच्या मूल्याबद्दल लेखकाने फारच हात आखडता घेतला आहे. ५० हर्ट्झच्या फुल-वेव्ह रेक्टिफायरसाठी भाराचे ओहम ९४० ने भागावेत. २,००० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर म्हणजे १०,००० ओहम, अर्थात सुमारे ११ हेन्री. भार निघून फक्त ५०,००० ओहमचा ब्लीडर उरला, की हीच गरज ५३ हेन्रींवर जाते; म्हणून येथे कमी प्रवाहाला इंडक्टन्स वाढणारा ‘स्विंगिंग’ चोक वापरतात. ब्लीडर तुटला आणि भारही नसेल, तर २,००० चे जवळजवळ ३,१०० व्होल्ट होतात. कपॅसिटर त्या आकड्याचे घ्यावेत.