थर्मस थर्मोफिलस : उष्णताप्रिय जीवाणूतील जनुकांतरण

जपानच्या इझू द्वीपकल्पातील मिने येथील गरम झऱ्यातून ताइरो ओशिमा व काझुतोमो इमाहोरी यांनी मिळविलेला जीवाणू. वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध. ७०° से.च्या आसपास तो जोमाने वाढतो.

मृत पेशींतून बाहेर पडलेला डीएनए हा जीवाणू थेट आत ओढून घेतो. तो कोणाचा, याची निवड करीत नाही. त्याचा वेग थक्क करणारा आहे : एका पेशीत सेकंदाला सुमारे ४० हजार बेसजोड्या. ई. कोलाय स्वतःच्या डीएनएची नक्कल करताना एका टोकाला सेकंदाला जेमतेम हजार जोड्या उरकतो. दुपेडी रेणूचा एकच पेड आतल्या पटलातून पार होतो.

जनुकीय अभियांत्रिकीत खरी अडचण उष्णतेचीच. प्रतिजैविकरोधी जनुकांची नेहमीची प्रथिने ७०° से.ला निकामी होतात. म्हणून कॅनामायसिनरोधी जनुक उष्णताप्रिय बॅसिलसमध्ये घालून, तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत, टिकून राहिलेली उत्परिवर्तने निवडण्यात आली. हीच युक्ती आज इतर विकरे उष्णतारोधी करण्यासाठी वापरतात. प्रयोगशाळेत या तापमानाला साधे अगार नरम पडते, तेव्हा जेलन गोंदाच्या थाळ्या वापरतात.

बाहेरून आलेल्या प्लाझ्मिडला मात्र याच जीवाणूतील आर्गोनॉट प्रथिन अटकाव करते. त्याचे जनुक काढलेल्या वाणात प्लाझ्मिडचे रूपांतरण सुमारे दहापट यशस्वी होते.