गारखेड्यातला वाडा

आमच्या घराचा वाडा करायचा असे ठरले, तेव्हा त्या घराचे वय होते अवघे अडतीस. गारखेड्यात, सूतगिरणी चौकापासून चालत दहा मिनिटांवर, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि गच्चीवर काळी टाकी, असा हा ऐतिहासिक ऐवज.

"आता घराला जरा परंपरा हवी," सौ. म्हणाली. "पण ताजी."

ताजीच हवी, कारण शिळी आम्ही 1986 सालीच विकली होती. गुलमंडीजवळचा आमचा वाडा पाडला, तेव्हा सागवानी खांब, तुळया, कडीकोयंड्यासकट दिंडी दरवाजा, सगळे उक्ते गेले. त्या पैशात इथल्या स्लॅबचे सिमेंट आले. रडले कुणीच नाही. वाड्यातल्या ढेकणांबद्दल लिहीत नाही; पण माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती पसरावी लागे, आणि तरीही गळायचे ते नेमके वडिलांच्या अंथरुणावर. माजघरात भर दुपारी दिवा. एवढे मात्र खरे, की त्या हातभर जाडीच्या भिंतींत मे महिना कधी कळला नाही. इथे स्लॅबखाली तो रात्री अकरालाही कळतो.

सजावट करणारा मुलगा आला. त्याने कोनाडे दाखवले (आत पणतीऐवजी छोटे विजेचे दिवे), लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशा दाखवल्या आणि शेवटी आकडा दाखवला. मी म्हणालो, "बाबा, एवढ्यात ताजमहाल होईल."

नंतर लक्षात आले, हे बोलणे आपल्या गावात शोभत नाही. इथे ते एकदा होऊन गेले आहे. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू 1657 साली वारली. तिचा मकबरा मुलाने, आझमशहाने बांधला असे सांगतात. 1660 च्या सुमारास चिरंजीव असतील सात वर्षांचे, तेव्हा बिले वडिलांकडेच गेली असणार. वास्तुकार कोण? अताउल्ला. म्हणजे ताजच्या वास्तुकाराचाच मुलगा. त्याच्या जोडीला हंसपतराय. नमुना तोच, फक्त हात आखडता. ताजला लागले 3 कोटी 20 लाख म्हणतात. इथे हिशेब मिटला 6,68,203 रुपयांत. संगमरवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधे आपला काळा दगड आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा. लोक त्याला गरिबाचा ताज म्हणून हसतात. मी हसणे सोडून दिले आहे. दर्शनी भागाला अस्सल आणि बाकी गिलावा, हा बेत मी त्याच संध्याकाळी आमच्या मुलाला सुचवला.

त्या बेतातला अस्सल माल म्हणजे एक खांब. जुन्या लाकडांच्या दुकानात तो भिंतीला टेकून उभा होता. किंमत ऐकून मी मागे सरलो. दुकानदार म्हणाला, "असली सागवान है अंकल, आप के बाद भी खडा रहेगा." आमचे अख्खे लाकूड गेले होते, त्याहून जास्त पैसे मोजून दुसऱ्या कुणाचा तरी हा एक खांब मी टेंपोतून घरी आणला.

ओट्यावर उभा केला, तर तो वीतभर आखूड. खाली दगड दिला. पॉलिशवाला घासायला बसला आणि थांबला.

"काका, हे काढून टाकू का?"

खांबाच्या एका अंगाला खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या, एकीवर एक, पाच-सहा. सगळ्यांत वरच्या रेघेशी वेडेवाकडे कोरले होते : बाळू.

आमच्याही खांबावर अशा रेघा होत्या. दादाच्या, ताईच्या, माझ्या. दादाने टाचा उचलल्या म्हणून झालेले भांडणही आठवते. 1986 साली ते लाकूड ट्रकमध्ये चढताना मी पावतीवरची बेरीज तपासत होतो. आता तो खांब कुठे असेल? एखाद्या हॉटेलात असेल, घासूनपुसून.

"राहू दे," सौ. आतून म्हणाली. तिला ऐकू गेले असेल असे वाटले नव्हते.

सुटीत नातू आला, की आधी त्या खांबाला पाठ लावून उभा राहतो. अजून बाळूपेक्षा चार बोटे कमी भरतो. खाली दगड दिल्यामुळे बाळू फुकटचा वीतभर वाढला आहे, हे मी त्याला सांगितलेले नाही.

"आजोबा, हा बाळू आता केवढा असेल?" तो विचारतो.

"असेल माझ्याएवढा," मी म्हणतो.