मेजवानीतील जेली आणि मुदपाकखान्याचा दरवाजा



जेलीसारखा विषय या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कामाच्या तासांवर बोलावे. पण माझी बरीच वर्षे हॉटेल-कामगारांत गेली. जो पदार्थ दिवाणखान्याच्या बाजूने पाहुण्यांना दिसतो, तो मुदपाकखान्याच्या बाजूने पाहण्याची सवय मला तेथे लागली. शाळा लवकर सुटल्यामुळे माझे पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि तेथे एका पदार्थाचा माग काढता काढता मी कोठल्या कोठे जाऊन पोचलो, ते आज सांगणार आहे.

पदार्थ असा. काचेच्या पेल्यात तळाशी द्राक्षांचा थर, त्यावर संत्र्याच्या सोललेल्या फोडींचा, त्यावर स्ट्रॉबेरीचा. आणि या साऱ्यांना धरून ठेवणारी, फेसाळ द्राक्षमद्याची सोनेरी पारदर्शक जेली. नीट जमली तर मद्याचे बुडबुडेही तिच्यात जागच्या जागी थिजलेले दिसतात. युरोप-अमेरिकेतील मेजवान्यांत हा पदार्थ मांडतात. आपल्याकडे तुलना करायची तर खरवसाशी करता येईल. मात्र खरवस उष्णतेने धरतो आणि जेली थंडीने.

तिला धरून ठेवणारे द्रव्य म्हणजे जिलेटिन. आपल्या ग्रामीण भागात हा शब्द विहिरी खणणाऱ्यांना आणि खडी फोडणाऱ्यांना अधिक ओळखीचा. तेथे जिलेटिन म्हणजे सुरुंगाची कांडी. आल्फ्रेड नोबेलने १८७५ मध्ये सिद्ध केलेले ते स्फोटक जेलीसारखे दिसे, म्हणून त्याला ते नाव मिळाले. हाडांशी त्याचा संबंध नाही. खाण्याचे जिलेटिन मात्र हाडे, कातडी आणि स्नायुबंध यांतूनच निघते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, तिच्याविषयी शेवटी बोलेन.

जिलेटिन पाकिटात मिळू लागण्यापूर्वी जेली करणे म्हणजे एका माणसाचा सबंध दिवस होता. वासराचे पाय साफ करून सहा-सात तास मंद विस्तवावर उकळायचे. तो रस रात्रभर थिजू द्यायचा. सकाळी वरची चरबी कागदाने टिपून काढायची. मग साखर, लिंबू, मद्य आणि अंड्यांचा पांढरा बलक कवचांसह घालून पुन्हा उकळायचे. बलक गोठताना सारा गढूळपणा आपल्याबरोबर वर ओढून आणतो. नंतर फ्लॅनेलच्या टोकदार पिशवीतून तो रस थेंबाथेंबाने गाळायचा, आणि पिशवी पिळायची नाही. पिळली की जेली गढूळ झालीच. थांबून राहणे हेच येथे मोठे काम. जेलीतून पलीकडचे स्वच्छ दिसावे हा श्रीमंतीचा दाखला होता, कारण तो स्वच्छपणा दुसऱ्याच्या तासांनी विकत घेतलेला असे.

हाडांतून हा रस लवकर काढण्याची युक्ती दनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने काढली. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे, वाफ कोंडणारे भांडे मांडले. ते फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्याने बसवली. आपल्या घरातील शिट्टीचा कुकर हा त्याच भांड्याचा वंशज होय. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात शिजवलेले जेवण घेतले. जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत ते नमूद केले आहे. टणक हाडे चीजसारखी मऊ झाल्याचे त्याला मोठे नवल वाटले. एवढी बुद्धी असलेल्या पापँची अखेरची वर्षे मात्र लंडनमध्ये हलाखीत गेली.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाडांतून रस निघतो, रस थिजतो, मग हे गरिबांना स्वस्तात पोसण्याचे साधन का होऊ नये? हा विचार पॅरिसमध्ये जोराने पुढे आला. रसायनज्ञ दार्से यांनी हाडांतून जिलेटिन काढण्याच्या रीती बसवल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील इस्पितळांत या रसाचे सूप रोग्यांना वाढले जाऊ लागले. हिशोब आकर्षक होता. मांस श्रीमंताचे, हाडे फुकटात, आणि पोट गरिबाचे. दार्से यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु गरिबाला काय पुरेल, हे गरिबाला न विचारता ठरवणाऱ्यांत सद्हेतूची माणसे नेहमीच पुष्कळ असतात.

वाद माजला. फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. तिचे प्रमुख मॅझांदी हे शरीरशास्त्रज्ञ. समितीने वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री काही दिवसांतच ते खाईनाशी झाली, खंगली आणि मेली. १८४१ च्या अहवालात समितीने सांगून टाकले की, एकट्या जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही. कारण पुढे कळले. १९०१ मध्ये हॉपकिन्स आणि कोल या इंग्रज शास्त्रज्ञांनी ट्रिप्टोफॅन हे द्रव्य वेगळे काढले. शरीराला ते अन्नातूनच मिळवावे लागते आणि जिलेटिनात ते मुळीच नसते. म्हणजे मेजवानीच्या टेबलावर जेवणानंतरची गंमत म्हणून जे शोभते, ते इस्पितळातील भुकेल्याच्या वाडग्यात जेवणाची जागा घेऊ शकत नव्हते. स्वस्त धान्यदुकानातील ‘पर्यायी’ मालाविषयी कोणी मला समजावू लागला, की मला हा अहवाल आठवतो.

श्रीमंतांच्या टेबलावर जेलीला तेव्हा चांगले दिवस आले होते. तांब्याचे नक्षीदार साचे निघाले. किल्ल्याच्या बुरुजांसारखे, मुकुटासारखे. इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या ग्रंथात दोन रंगांच्या थरांची जेली आहे, आणि फळे घालून साच्यात ओतलेलीही आहे. रीत आजही तीच. साचा फोडलेल्या बर्फात पुरायचा, थोडी जेली ओतून धरू द्यायची, तिच्यावर फळे मांडायची, पुन्हा जेली. खालचा थर पुरता घट्ट झाला तर वरचा त्याला चिकटत नाही आणि ताटात काढताना थर घसरतात. वरचा गरम ओतला तर खालचा वितळतो. बोट लावल्यावर किंचित चिकटेल एवढा धरलेला थर, आणि कोमट होऊन निवू लागलेला रस, हाच तो क्षण. इंग्लंडच्या तळघरांतील स्वयंपाकघरांत हा क्षण साधण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत उभ्या राहणाऱ्या मुलींची नावे कोणत्याही पाकपुस्तकात नाहीत.

आपल्या हवेत तर बर्फावाचून गत्यंतर नव्हते. १८३३ मध्ये बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढल्या वर्षी मुंबईलाही अमेरिकन बर्फ आला. तो प्रथम कोणाच्या ताटापर्यंत पोचला असेल हे सांगावयास नकोच.

आता फेसाळ मद्याकडे वळू. ते एका धर्मगुरूने एका रात्रीत शोधले ही गोष्ट पुष्कळ सांगितली जाते, पण ती खरी नव्हे. डॉम पेरिन्याँ हा ओव्हिलेच्या मठातील कोठारप्रमुख मद्याच्या मिश्रणात वाकबगार होता, एवढे खरे. पण साखर घालून मद्य फेसाळ करण्याची पद्धत ख्रिस्तोफर मेरेट याने लंडनमध्ये १६६२ सालीच नोंदवली होती. शिवाय तो दाब सहन करणाऱ्या मजबूत बाटल्या दगडी कोळशाच्या भट्ट्यांत प्रथम इंग्लंडमध्येच होऊ लागल्या. बाटलीतील दाब पाच-सहा वातावरणांचा असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक. साखरेचे प्रमाण मोजण्याची पद्धत फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने १८३६ मध्ये बसवली. त्यापूर्वी एखाद्या वाईट वर्षी निम्म्या बाटल्या तळघरात फुटत, एक फुटली की शेजारच्या फुटत, आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून रांगांतून फिरत. विधवा क्लिको या कर्तबगार बाईच्या कोठारात १८१६ च्या सुमारास बाटल्या तिरप्या लावून, रोज थोड्या फिरवून गाळ बुचाशी आणण्याची रीत निघाली. तीही हातांचीच मेहनत.

द्राक्षे पिकवणाऱ्यांची कथा निराळी नाही. १९१० साली शाम्पेन प्रांताचे पीक बुडाले. आणि मोठे व्यापारी बाहेरून स्वस्त माल आणून त्यावर शाम्पेनचे नाव लावतात, हा शेतकऱ्यांचा जुना राग पेटला. १९११ च्या जानेवारीत बाहेरच्या मद्याची पिंपे नदीत लोटली गेली. एप्रिलमध्ये आई या गावी कोठारे जाळली गेली आणि सरकारला सैन्य धाडावे लागले. कोणत्या मातीच्या द्राक्षाला ते नाव लावता येईल याचे आजचे कडक कायदे त्या झगड्यातून पुढे आले. आपल्याकडे १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच पद्धतीने फेसाळ मद्य होऊ लागले, तेव्हा त्याला परदेशी बाजारात ‘शाम्पेन’ म्हणता येत नसे, ते याच कारणाने.

आणि पाकिटातले जिलेटिन? त्याचे पहिले पेटंट १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर कूपर याने घेतले. हा सरसाचा कारखानदार. शाळेत तो वर्षभरही गेला नव्हता. जिलेटिनच्या धंद्याकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. पण सरस आणि लोखंड यांत मिळवलेल्या पैशातून त्याने १८५९ मध्ये ‘कूपर युनियन’ ही विनामूल्य शिक्षणसंस्था उभारली. तिच्या सभागृहात सार्वजनिक व्याख्याने होऊ लागली, अगदी आपल्या या मांडवात होतात तशी. लिंकन तेथे १८६० मध्ये बोलले. आणि २२ नोव्हेंबर १९०९ रोजी त्याच सभागृहात शिलाई-कामगारांची सभा भरली. पुढारी दोन तास सावधपणे बोलत राहिले. आमच्या जातीच्या पुढाऱ्यांना ती सवय आहेच! मग क्लारा लेमलिक नावाची तेवीस वर्षांची कामगार मुलगी उठली आणि तिने यिद्दिश भाषेत सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजारांवर कामगार संपात उतरले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या.

पुढचे लवकर सांगतो. १८९७ मध्ये ल रॉय गावच्या पर्ल वेट या सुताराने साखर आणि फळांचा स्वाद घातलेली ‘जेल-ओ’ काढली आणि दोन वर्षांत तिचे हक्क ४५० डॉलरना विकून टाकले; विकत घेणाऱ्याचे घराणे त्यावर श्रीमंत झाले. नॉक्स जिलेटिनच्या कारखान्याची सूत्रे १९०८ मध्ये मालकाच्या विधवेकडे, रोझ नॉक्स यांच्याकडे आली. बायकांनी मागच्या दाराने यायचे हा तेथला नियम त्यांनी मोडला आणि मागचे दार बंदच करून टाकले. १९१३ मध्ये त्यांनी पाच दिवसांचा आठवडा दिला, पगारी रजाही दिल्या. मालकाची स्तुती माझ्या तोंडी सहसा येत नाही, म्हणून ही मुद्दाम सांगितली.

ज्यांना घरी करून पाहायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मद्य अगदी थंड असावे आणि भिजवून कोमट विरघळवलेल्या जिलेटिनात ते पेल्याच्या कडेने हळू ओतावे, म्हणजे बुडबुडे टिकतात. मद्य नको असेल तर सोडा घालून द्राक्षांचा रस चालतो. ताजे अननस, पपई किंवा अंजीर घालू नये. त्यांतील पाचक द्रव्ये जिलेटिन फोडून टाकतात आणि जेली कधीच धरत नाही. शिजवलेला किंवा डब्यातला अननस चालतो, कारण उष्णतेने ते द्रव्य मरते. आणि ज्यांना हाडांचे काही नको, त्यांनी चायना ग्रास घ्यावे. ते समुद्रशेवाळाचे असते. जिलेटिन अंगाच्या उष्णतेच्याही किंचित खाली वितळते, म्हणून ते तोंडात विरघळते आणि वैशाखात टेबलावरही विरघळते. चायना ग्रास एकदा धरले की उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवल्याशिवाय सुटत नाही.