कामोकाठचे सत्तावीस खांब

क्योतोत गोजो पुलाच्या थोडं दक्षिणेला, कामो नदीच्या पूर्व काठी रस्त्याकडेला एक दगड उभा आहे. खाली नदीकाठी माणसं निवांत फिरत असतात. गेन्ना काळातले ख्रिस्ती इथे हुतात्मा झाले, एवढंच तो दगड सांगतो. तुम्ही त्याच्यापाशी थांबा आणि पायाखालचं डांबर विसरा.

६ ऑक्टोबर १६१९. पायाखाली नदीचे गोटे, भोवती दाटलेली गर्दी. ही रोकुजोगावारा, शहराची जुनी वधभूमी. सेकिगाहाराची लढाई हरलेल्या इशिदा मित्सुनारीचं डोकं १६०० साली इथेच उडवलं होतं. आज मात्र गाड्यांतून सरदार येत नाहीत. शहरभर फिरवून आणलेली ही साधी कुटुंबं आहेत, बरीचशी ख्रिस्त्यांच्या एकाच वस्तीतली. ख्रिस्ती धर्मावर बंदी असूनही शहराचा कारभारी इताकुरा कात्सुशिगे या लोकांकडे काणाडोळा करत आला होता; कोठडीत टाकल्यावरही त्याने त्यांना मारलं नव्हतं. पण शोगुन हिदेतादा क्योतोत आला, ख्रिस्ती अजून कोठडीत जिवंत आहेत हे त्याला कळलं, आणि सगळ्यांना जाळण्याचा हुकूम सुटला.

गर्दीतल्या वयस्कांना बावीस वर्षांपूर्वीची धिंड आठवत असेल. तेव्हा याच शहरात चोवीस ख्रिस्त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना नागासाकीकडे चालवत नेलं होतं. त्यांत गोन्सालो गार्सिया होता, आपल्या वसईत जन्मलेला. ५ फेब्रुवारी १५९७ला तो तिथे क्रुसावर गेला.

आता समोर पाहा. नजर वळवावीशी वाटेल, तरी पाहा. सत्तावीस क्रूस, बावन्न माणसं. एकेका खांबाला दोघं-तिघं बांधलेली. मधल्या एका खांबाला तेक्ला हाशिमोतो. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुलगे, कुशीत तीन वर्षांची लुइसा, आणि पोटात आणखी एक जीव. लाकडं पेटतात. शेजारच्या खांबावरून थोरली मुलगी कातारिना ओरडते, आई, मला काही दिसत नाही! धुरातून आईचा आवाज येतो: येशूला हाक मार, मरियेला हाक मार. तेक्लाचे हात लुइसाला सोडत नाहीत.

यांच्याकडे शस्त्र नव्हतं, सत्तेवर दावा नव्हता. तीन वर्षांच्या पोरीचं राज्याशी कसलं वैर? याला शिक्षा म्हणायला माझं मन तयार नाही. हा खून होता.

लोकांनी पाहावं आणि भ्यावं, म्हणून हिदेतादाने हे उघड्यावर केलं. लोकांनी पाहिलं. इंग्रज व्यापारी रिचर्ड कॉक्सने पाहिलं, आणि आयांच्या मिठीत जळालेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांबद्दल पत्रात लिहून मायदेशी कळवलं. मिशनऱ्यांनी नावं जपली. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत १८८ जपानी हुतात्म्यांना धन्य घोषित केलं गेलं. लुइसाचं नाव त्या यादीत आहे.