जबडा आखडतो तेव्हा: दोष दातांचा की स्नायूंचा?

कान दुखतो, पण तपासल्यावर कान अगदी ठीक निघतो. सकाळी जबडा जड वाटतो, भाकरी चावताना गाल भरून येतात, जांभई देताना कानापुढे कट्‌कन आवाज होतो. असा त्रास तुम्हाला असेल, तर त्याचे कारण शोधताना डॉक्टरच किती चाचपडले, हे वाचायला हवे.

१९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांवरून मत मांडले: दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्याचे हाड मागे सरकून नस दाबते, म्हणून कान दुखतो. मग दातांची उंची वाढवण्याचे उपचार रूढ झाले. १९४८ मध्ये शरीररचनेचे अभ्यासक हॅरी सिचर यांनी दाखवून दिले की तिथली रचनाच अशी आहे की हाड त्या नसेवर दाबू शकत नाही. तोवर चौदा वर्षे गेली होती!

पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी स्नायूंकडे लक्ष वळवले. दुखऱ्या गालावर इथाइल क्लोराइडचा गार फवारा मारून ते जबडा हलवायला लावत. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी साखळी जोडली: मनावर ताण, त्यातून दात आवळणे, मग स्नायूंचा थकवा आणि आखडणे. हे फार काळ चालले तर स्नायू आखूड होतो, दातांची मिटणी बदलते, सांधाही झिजू शकतो, असे ते म्हणत. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. दातांची बिघडलेली मिटणी हे कारण नसून परिणामही असू शकते. मग घाईने दात घासून काय साधणार?

घाईची किंमत १९८० च्या दशकात अनेकांनी मोजली. सांध्यात टेफ्लॉनचे रोपण बसवले गेले. त्याचे कण सुटून काहींचे हाडच झिजले. १९९० च्या सुमारास ती रोपणे मागे घ्यावी लागली.

बहुतेकांचा त्रास मऊ जेवण, शेक, जबड्याचे हलके व्यायाम आणि दिवसा दात एकमेकांवर न टेकवण्याची सवय यांनी ओसरतो. गरज पडल्यास रात्री दातांवर प्लेट बसवतात. ती काढता येते, घासलेला दात मात्र परत येत नाही.

एक सांगायचे राहिले. तोंड हळूहळू कमी उघडू लागले आणि तुम्ही गुटखा किंवा सुपारी खात असाल, तर त्याला स्नायूंचे आखडणे समजू नका, तोंड तपासून घ्या. जखमेनंतर जबडा घट्ट बसला, तर धनुर्वाताच्या शंकेने त्याच दिवशी रुग्णालय गाठा.