हिरवळीखालचे पाणी

उन्हाळ्याच्या दिवसांत एखाद्या बागेतील हिरवळीवर फवाऱ्याचे तुषार उडताना पाहिले म्हणजे मनाला गारवा वाटतो. परंतु डोळ्यांना सुखविणारे ते तुषार सर्वच्या सर्व गवताच्या मुळांपर्यंत पोहोचत नाहीत. काही वाऱ्यावर जातात, काही उन्हात विरतात, तर काही पाऊलवाटेवरून वाहत जाऊन गटाराला मिळतात. दिसणारे पाणी वाया जाण्याचा संभव अधिक, आणि जे खरोखर कामी येते ते दृष्टीआड असते, असा हा विचित्र व्यवहार आहे. पाणी मुळातच जमिनीखाली, मुळांच्या तोंडाशी नेऊन द्यावे ही कल्पना मनुष्यास कशी सुचली, ती सिद्धीस जाण्यास किती काळ लागला आणि सिद्धीस गेलेली गोष्ट टिकविण्यास कोणती दक्षता लागते, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या कल्पनेचा फार जुना लेखी पुरावा चीन देशात सापडतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंगची या ग्रंथकाराने शेतीविषयक ग्रंथ लिहिला. झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, ते पाण्याने भरून ठेवावे आणि त्याच्या भोवती वेल लावावेत, अशी रीत त्यात सांगितली आहे. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते. भोवतालची माती कोरडी असली तर ती अधिक पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ मंदावते. मडक्यास ना चावी लागते, ना रखवालदार. भारतातही कोरडवाहू भागांत फळझाडांची रोपे जगविण्यासाठी ही युक्ती वापरली जाते.

पाणी झाकून नेण्याची विद्या आपल्या परिसरासही अपरिचित नाही. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरात अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणलेले आहे. त्या बोगद्यांवर ठरावीक अंतराने विहिरींसारखी तोंडे ठेवलेली आहेत. त्यांनाच कुंड्या म्हणतात. त्यांतून हवा जाते, प्रकाश जातो आणि पाहणी करणारा माणूसही खाली उतरू शकतो. पुढे कालांतराने या बोगद्यांच्या भिंतींवर क्षारांची पुटे चढत गेली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जे पाणी झाकले, त्याच्या पाहणीची वाट मात्र झाकू नये, हा धडा त्या कारागिरांनी दगडात लिहून ठेवला आहे.

आधुनिक प्रयोगांची सुरुवात जर्मनीत 1860 नंतर झाली. तेथील संशोधकांनी भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखाली घालून, एकाच नळाने गरजेच्या वेळी पाणी द्यावे आणि अतिवृष्टीच्या वेळी त्यानेच पाण्याचा निचरा करावा, असा दुहेरी यत्न केला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात 1913 साली हाउस या संशोधकाने जमिनीखालील नळांतून मुळांना पाणी देऊन पाहिले. पाणी मुळांना पोहोचले, भूजलाची पातळीही वर आली नाही. परंतु हा खर्च शेतकऱ्यास झेपणारा नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. कल्पना बरोबर होती, पण तिला साजेसे साहित्य अद्याप जगात निर्माण व्हावयाचे होते.

ते साहित्य निराळ्याच वाटेने आले. 1933 साली इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीन हा पदार्थ हाती लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या नळ्या स्वस्त झाल्या. गंज न चढणारी, हलकी, वळविता येणारी नळी मिळाली आणि इंग्लंडमधील काचगृहांतून थेंबाथेंबाने पाणी देण्याची पद्धत 1940 नंतरच्या दशकात रुजू लागली.

परंतु ठिबक सिंचनाला आजचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः सिमखा ब्लास या जलअभियंत्यास दिले जाते. 1897 साली वॉर्सा येथे जन्मलेले ब्लास पुढे पॅलेस्टाइनमध्ये स्थायिक झाले. तेथे एकदा त्यांच्या नजरेस एक झाड पडले. आसपासच्या झाडांपेक्षा ते कितीतरी मोठे झाले होते आणि त्याला पाणी घालणारे तर कोणी दिसत नव्हते. शोध घेता जवळच्या नळाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत असल्याचे आढळले. जमिनीवर ओलाव्याचा डाग लहानसा होता. पण उकरून पाहता तोच ओलावा खाली कांद्याच्या आकाराने पसरत गेलेला दिसला. ही गोष्ट 1930 नंतरच्या दशकातली. तिचे यंत्रात रूपांतर होण्यास प्लॅस्टिकची वाट पाहावी लागली. अगदी बारीक भोक पाडले तर ते कचऱ्याने बुजते, मोठे पाडले तर पाणी भळभळा वाहते. ब्लास यांनी तोड काढली ती अशी की, भोक बारीक करण्याऐवजी पाण्याची वाट लांब करावयाची. लांब, वळणावळणाच्या मार्गाने जाताना पाण्याचा जोर घर्षणाने खर्ची पडतो आणि शेवटी केवळ थेंब बाहेर येतो. या शोधाच्या आधारे 1965 साली इस्राएलमधील हत्झेरीम या सामुदायिक वसाहतीत ठिबक नळ्या बनविणारी कंपनी स्थापन झाली.

नळ्या जमिनीवर अंथरणे सोपे होते; त्या पुरणे मात्र कठीण ठरले. कॅलिफोर्निया आणि हवाई बेटे येथे 1960 च्या आसपास भूमिगत ठिबकाचे प्रयोग सुरू झाले, पण तोट्या गाळाने बुजू लागल्या, एका टोकाला पाणी अधिक तर दुसऱ्या टोकाला कमी मिळू लागले, आणि पाण्याच्या शोधात निघालेली मुळे थेट तोटीच्या आत शिरू लागली. वर अंथरलेल्या नळीचा दोष दिसतो. पुरलेल्या नळीचा दोष पीक वाळल्यावर कळतो. त्यामुळे अनेकांनी हा नाद सोडला. तथापि गाळण्या सुधारल्या, दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी सोडणाऱ्या तोट्या निघाल्या आणि ही पद्धत पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विद्यापीठाने 1989 साली कोल्बी येथे मक्यासाठी भूमिगत ठिबकाचे संशोधन सुरू केले. तेथे एकदा पुरलेल्या नळ्या, योग्य निगा राखल्यामुळे, वीस वर्षांहून अधिक काळ चालल्या.

शेतात नळी वर ठेवावी की खाली, हा निवडीचा प्रश्न असतो. हिरवळीच्या बाबतीत मात्र ती निवड उरत नाही. हिरवळ म्हणजे वारंवार कापलेले गवत. पूर्वी ते काम विळ्याने किंवा मेंढ्यांकडून होई. 1830 साली इंग्लंडमधील एडविन बडिंग याने, कापडगिरणीत लोकरीच्या कापडाचा केसाळपणा कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र बनविले, आणि सरदारांच्या वाड्यापुढची हिरवळ हळूहळू सामान्य गृहस्थाच्या अंगणात आली. जेथे आठवड्याला यंत्र फिरते आणि मुले खेळतात, तेथे जमिनीवर नळ्या राहू शकत नाहीत. ठिबक हवे असेल तर ते गवताखालीच हवे.

आणि त्याची गरज किती मोठी होती हे आकड्यांवरून कळते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहचित्रांच्या साह्याने अमेरिकेतील हिरवळीचे क्षेत्र सुमारे 1,63,800 चौरस किलोमीटर असावे, असा अंदाज केला गेला. पाणी दिल्या जाणाऱ्या मक्याच्या क्षेत्राच्या ते सुमारे तिप्पट भरते. म्हणजे ज्या पिकाचा दाणा कोणी खात नाही, ते त्या देशातील पाणी पिणारे सर्वांत मोठे पीक ठरले. पुढे कॅलिफोर्नियात अवर्षण पडले. 1 एप्रिल 2015 रोजी तेथील गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांच्या पाणीवापरात 25 टक्के कपात करण्याचा हुकूम काढला. नव्या घरांच्या बागांना पिण्याचे पाणी द्यावयाचे असेल, तर ते ठिबकाने किंवा सूक्ष्म फवाऱ्यानेच द्यावे, असे त्यात बजावले होते. त्याच वर्षी सुधारलेल्या बागविषयक नियमांत दहा फुटांहून अरुंद पट्ट्यांना भूमिगत सिंचनाने किंवा पाणी बाहेर न उडविणाऱ्या अन्य साधनाने पाणी देणे बंधनकारक झाले. शंभर वर्षांपूर्वी महाग ठरून बाजूस पडलेली कल्पना कायद्याच्या कलमात जाऊन बसली.

या व्यवस्थेची रचना समजण्यास कठीण नाही. हिरवळीसाठी नळ्या साधारणतः 4 ते 6 इंच खोल पुरतात आणि दोन नळ्यांत 12 ते 18 इंचांचे अंतर ठेवतात. रेताड जमिनीत पाणी सरळ खाली उतरते, म्हणून अंतर कमी. चिकण जमिनीत ते आडवे पसरते, म्हणून अधिक. सुरुवातीस पाणी उलटे फिरून पिण्याच्या नळात शिरू नये यासाठी झडप, मग गाळणी, मग दाब आवरणारे साधन असा क्रम असतो. सर्वांत उंच जागी हवा आत घेणारी झडप बसवितात. ती नसली तर पाणी बंद होताच नळीत पोकळी निर्माण होते आणि तोट्या भोवतालचा चिखल आत ओढून घेतात. नळ्यांच्या शेवटच्या टोकांना धुऊन काढण्याची तोंडे ठेवतात. नवीन बी पेरले असता मात्र ते रुजेपर्यंत वरूनच पाणी द्यावे लागते. कारण जमिनीखालचा ओलावा पृष्ठभागावरच्या बीजापर्यंत नीट चढत नाही.

खरी कसोटी पुढेच लागते. गाळणी नियमाने धुवावी लागते, नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ वाहू द्यावा लागतो. क्षारयुक्त पाणी असेल तर सौम्य आम्ल आणि शेवाळ धरत असेल तर क्लोरिन वापरावे लागते. मुळे आत शिरू नयेत म्हणून काही तोट्यांत मुळांची वाढ रोखणारे औषध मिसळलेले असते, काहींत तांब्याचा पत्रा असतो. परंतु माती फार दिवस कोरडी राहू न देणे हाही उत्तम उपाय आहे. तहानलेले मूळच तोटीत डोकावते. पहिल्या दिवशी मापकयंत्रावर जो आकडा दिसला तो लिहून ठेवावा. पुढे तो घटला तर तोट्या बुजत आहेत, वाढला तर नळी कोठेतरी फुटली आहे, असे समजावे. तसेच नळ्यांचा नकाशा जपून ठेवावा. नाहीतर एखाद्या समारंभाच्या मांडवाची खुंटी रोवणारा मजूर बिचारा अजाणता सगळी व्यवस्था छेदून जातो.

भारतात ठिबक सिंचनाचा मोठा प्रसार 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून झाला आणि त्यात खानदेशातील जळगावचे नाव अग्रभागी राहिले. केळी, द्राक्षे आणि ऊस यांना त्याचा लाभ झाला. शहरांतील बागा व क्रीडांगणे यांच्या हिरवळीसही ही विद्या लागू पडते. परंतु येथे एक विवेक पाळावा लागेल. कॅलिफोर्नियाच्या त्याच हुकुमात पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिच्या जागी अवर्षणास टिकणारी झाडे लावण्याचेही कलम होते. उत्तम नळीसुद्धा पाणी निर्माण करीत नाही. असलेले पाणी ती केवळ जपून देते. जेथे उन्हाळ्यात स्त्रिया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, तेथे हिरवळ किती असावी हा प्रश्न अभियंत्याचा नाही, गावाच्या न्यायबुद्धीचा आहे.

मडके पुरणाऱ्या चिनी शेतकऱ्यापासून कुंडी भंडाऱ्याच्या कारागिरांपर्यंत, आणि गळक्या सांध्याजवळ थबकलेल्या ब्लासपर्यंत, सर्वांनी एकच गोष्ट ओळखली होती: पाणी थोडे असले तरी चालते, ते योग्य जागी पोहोचले पाहिजे. मात्र ते डोळ्यांआड गेले म्हणून मनाआड जाता कामा नये. हिरवळीखालचे पाणी जितके न दिसणारे, तितकी त्याची देखभाल डोळस असावी लागते.