पाटीवर नसलेली नावं

नगरला आमच्या मामूंच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. घरातले सगळे तिला ‘कारखाना’ म्हणायचे. कारखान्यात होतं काय, तर एक वेल्डिंग मशीन, एक व्हाइस, छताच्या गर्डरला टांगलेली चेनपुली आणि रॉकेलच्या डब्यात भिजत घातलेले नटबोल्ट. मागच्या वर्षी ती शेड पाडली. त्या वेळी मामेभावाला हत्यारांच्या पेटीत एक वही सापडली. भंगारवाला दारात उभा होता. भावाने फोन करून विचारलं, “भाईजान, ये भी दे डालूं क्या?” मी म्हटलं, थांब, मी येतो.

वहीत एका जीपचा सगळा हिशेब आहे. भागांची नावं उर्दू लिपीत, मापं मराठी आकड्यांत. मामू सातवीपर्यंत शिकलेले. लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी पेट्रोल जीप त्यांनी त्या शेडमध्ये चौदा महिने खपून पुन्हा उभी केली होती. वही वाचताना माझ्या मनात आलं, जीपच्या इतिहासात अशा माणसांची जागा कुठे आहे?

जीपची गोष्ट सुरू होते १९४० मध्ये. जुलै महिन्यात अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. चारही चाकांना जोर मिळेल अशी हलकी गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. ही मुदत पाळायला तयार झाली ती बटलर गावची बँटम नावाची, दिवाळं निघायच्या बेतात असलेली छोटी कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला. सगळे भाग नव्याने घडवायला वेळच नव्हता. म्हणून इंजिन काँटिनेंटल कंपनीचं घेतलं आणि ॲक्सल स्टुडबेकर मोटारीच्या ॲक्सलमध्ये फेरफार करून बनवून घेतले. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात हजर झाली.

म्हणजे पहिली जीपसुद्धा इकडचं इंजिन, तिकडचा ॲक्सल अशी जुळवून केलेली गाडी होती. आमच्याकडे याच कामाला लोक ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडतात.

पुढे लष्कराने बँटमचा आराखडा विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवला. युद्ध संपेपर्यंत त्या दोघींनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला जीपमागे ओढायचे ट्रेलर आले. गाडी कुणी जन्माला घातली आणि नाव कुणाचं झालं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

भारतातल्या जीपच्या पाटीवरूनही एक नाव गेलेलं आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. गुलाम मुहम्मद लाहोरचे, अलिगढला शिकलेले, हिशेबात पक्के. काही काळ ते हैदराबादच्या निजामांचे अर्थमंत्रीही होते. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९५४ मध्ये त्यांनी तिथली संविधान सभा बरखास्त केली. त्या देशाच्या लोकशाहीला बसलेला तो पहिला मोठा धक्का, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक करायचं काही कारण नाही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली. त्यानंतर अमेरिकेहून सुट्या भागांच्या पेट्या येऊ लागल्या आणि मुंबईत माझगावला जीप जोडल्या जाऊ लागल्या.

ही गोष्ट आमच्याकडे दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक जण म्हणतो, बघा, मुसलमानाचं नाव पुसलं. दुसरा म्हणतो, बघा, मुसलमान निघून गेला. दोघांचंही चुकतं, असं मला वाटतं. एक भागीदार आपल्या मर्जीने गेला, त्याच्या जागी नवं नाव लागलं, एवढंच. पण त्याच जीपखाली आडवे पडून हात काळे करणारे हजारो मुसलमान मिस्त्री गेले नव्हते. ते नगर, मिरज, मालेगाव, औरंगाबादच्या गल्ल्यांत इथेच होते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमान कामगार ज्या धंद्यांत विशेष संख्येने दिसतात, त्यांत वाहन दुरुस्तीची नोंद आहे. तिथे त्यांचा आकडा आहे, नावं नाहीत.

युद्धानंतर जगभर पडून राहिलेल्या जीपचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. फिलिपिन्समध्ये लोकांनी त्या मागून लांबवल्या, बाकडी टाकली, छत चढवलं. मनिलाची प्रसिद्ध ‘जीपनी’ त्यातूनच आली. आपल्याकडे लष्करी लिलावातल्या जीप बागायतदारांनी आणि ठेकेदारांनी घेतल्या. अमेरिकन जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं, ते मिस्त्रींनी उजवीकडे आणलं. १९७३ नंतर पेट्रोल महागलं, तसं जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून द्या म्हणून गिऱ्हाइकं येऊ लागली.

मामूंच्या वहीतलं काम तेच. पेट्रोल इंजिन काढायचं आणि भंगारात निघालेल्या मेटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिन एका घरचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा, त्यांची भोकं जुळत नाहीत. मधे जाड पोलादी प्लेट घालावी लागते. इंजिनचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, तर क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. मामूंनी आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, मग पत्र्याचा आणि मगच १२ मिलिमीटरची प्लेट लेथवर नेली. वहीत ती प्लेट तीनदा काढलेली आहे. पहिल्या दोन आकृत्यांवर काट मारलेली आहे.

एका पानावर नुसता गुणाकार-भागाकार आहे. जीपच्या ॲक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेई, तेव्हा टॉप गिअरमध्ये वेग ताशी १०० किलोमीटर येई. डिझेल इंजिन ३००० च्या पुढे ताणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. उत्तर आलं ताशी ७५. खाली लिहिलंय, ‘बस है’. घाटात आणि शेताच्या चिखलात वेगापेक्षा ओढ लागते, हे त्यांना माहीत होतं.

डिझेल इंजिन जड. पुढचा भाग बसला, म्हणून पाट्यांत एकेक पान वाढवलं. गाडी चालू झाली तरी मामूंनी ती मालकाला दिली नाही. का, तर वजन वाढलं आणि ब्रेक तेच जुने ९ इंची ड्रमचे. मालक रोज येऊन तगादा लावायचा. मामू म्हणायचे, “पैले रुकना सीखो, भागना बाद में.” दोन महिने ब्रेकवर गेले. मग इंजिनाचा नवा नंबर आरटीओत जाऊन आरसी बुकावर चढवून घेतला. पोचपावती अजून वहीत चिकटवलेली आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आज अशा कामाकडे गुन्हा म्हणून पाहिलं जातं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलांसाठी प्रत्येकी ५००० रुपये दंड आला. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. रुंद टायर, उंच केलेली चासी आणि कमकुवत ब्रेक घेऊन भर बाजारातून जीप पळवणारी पोरं मीही पाहिली आहेत. रस्ता सगळ्यांचा आहे.

पण त्या पोरांना आणि मामूंना एकाच नावाने हाक मारू नये. एकाला गाडी दाखवायची असते, दुसऱ्याला ती जगवायची असते. गाडी जगवणाऱ्यांनी कायद्याच्या आधी स्वतःला नियम घालून घेतला होता. त्या नियमाची नोंद कुठल्याच कंपनीच्या इतिहासात नाही, कारण कंपनीचा इतिहास गाडी कारखान्याच्या दाराबाहेर पडली की संपतो. जीप त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं चालली ती मिस्त्रींच्या हातावर.

वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर मामूंनी हाताखालच्या माणसांचा हिशेब लिहिलाय. वेल्डिंगवाला, लेथवर काम करणारा गल्लीतला सुतारांचा मुलगा, हौद्याचा पत्रा ठोकणारे एक म्हातारे चाचा, ताडपत्री शिवणारी बाई. कुणाला किती दिले, किती बाकी. सगळ्यांची पूर्ण नावं आहेत. बाकी शून्य आहे.

तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल, एखाद्या मिस्त्रीची, शिंप्याची, विणकराची. भंगारवाला दारात आला तर आधी ती उघडून बघा. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, अशी तक्रार आपण पुष्कळ करतो. काही वेळा तो आपल्याच पेटीत पडलेला असतो आणि आपणच किलोच्या भावाने विकून मोकळे होतो.